घरटी एक जागा

आधी आनसामावशीचं नाव लिहितो, मग उत्तमरावांचं. उत्तमराव म्हणजे तिचे मालक, जवळा बाजारच्या हमालांच्या टोळीचे मुकादम. हिंगोली जिल्ह्यात माझं कोणी नव्हतं, रक्ताचं नाही, जातीचं नाही, ओळखीचंही नाही. तरी या दोघांनी मला घरात घेतलं, भाकरी मोडून खायला शिकवलं, आणि ज्या दिवशी माझ्या पाठीशी उभं राहणारं एकही माणूस उरलं नव्हतं त्या दिवशी मावशी लुगड्याचा पदर खोचून माझ्याबरोबर निघाली. ही नावं आधी आली नाहीत तर पुढचं वाचून वाटायचं की हा नुसती रडकथा सांगतोय. मला घाबरायची सवय आहे. लिहितानाही वाटतं की शेवटाला पोचायच्या आत काहीतरी होईल आणि मुख्य माणसाचं नाव राहून जाईल. म्हणून आधी.

मी मूळचा समुद्राकडचा. आमचा कोळीवाडा खाडीच्या तोंडाशी होता. जुनी जेट्टी होती, तिथे कौलं आणि सिमेंटच्या गोण्या उतरायच्या, बाकी सगळी मासळी. बंदर मोठं होणार हे मी कळायला लागल्यापासून ऐकत होतो. मग खरंच साहेब लोक आले, लाँचमधून खाडीचा तळ मोजून गेले, आणि देवळासमोर खुर्च्या मांडून त्यांनी सांगितलं की इथे जगभरची जहाजं लागतील, देशातला माल इथून दुबईला, सिंगापूरला, युरोपला जाईल आणि तिकडचा माल इथून देशभर फुटेल. म्हातारे म्हणाले, ते झालं, पण आमचं काय? तेव्हा उत्तर आलं, घरटी एक जागा. ज्या घराची खाडी गेली त्या घरातल्या एकाला बंदरात कायमची नोकरी. त्या दिवसापासून वाड्यातल्या प्रत्येक घरात जेवताना एकच बोलणं, आपल्यातलं कोण जाणार.

आमच्या घरात ते ठरलेलंच होतं. बाबांना लकवा झाला तेव्हा मी नववीत होतो. होडीवर दोन माणसं लागतात, एक इंजिनाशी आणि एक जाळ्याशी. दादाने मास्तरांना जाऊन सांगितलं आणि माझं दप्तर माळ्यावर टाकलं. गणिताच्या तासाची मला धास्ती होती, त्यामुळे सुटल्यासारखंच झालं. दोन-तीन वर्षं आम्ही भाऊ भाऊ एका होडीवर होतो. बाबा गेले, खाडीत भराव पडू लागला, पाणी गढूळ झालं, मासळी हटली. तेव्हा दादा म्हणाला, "मी होडीचा माणूस, मला त्या लोखंडात काय कळणार? जागा तुझी. पण हात हलवत जाऊ नको. कंटेनरचं काम शिकून ये. बंदर चालू झाला का बोलवतो तुला. तोवर तुझी जागा मी धरून ठेवतो."

दादाच्या ओळखीचा एक वाहतूकदार होता. त्याने हिंगोलीकडच्या हळदीसाठी जवळा बाजारच्या बाहेर, हट्ट्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, माळावर यार्ड टाकलं होतं. रिकामे कंटेनर तिथे यायचे, हळद भरून बंदराकडे जायचे. मला ट्रेलरच्या केबिनमध्ये बसवून पाठवलं. वाड्यातली चार माणसं निरोपाला आली. आय मात्र बाहेर आली नाही, चुलीपाशीच बसून राहिली. मला वाटलं, तिला मी जाताना बघवत नसेल.

त्या मुलखात उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे वास. समुद्राचा नव्हे, शिजणाऱ्या हळदीचा. शेताशेतांत कढया चढलेल्या, आणि वारा सुटला की तो मातकट, गरम वास अंगाला चिकटायचा. दिवसभर हळद घासायच्या ड्रमांची घडघड. पहिले काही दिवस मला वाटायचं, कुठेतरी इंजिन चालू राहिलंय. माणसांचे हात पिवळे, लेकरांची डोकी पिवळी, कुत्र्यांचे पायसुद्धा पिवळे. आणि बोलणं असं की अर्धं कळायचं. मी बंदरावरून आलो म्हणून हमालांनी माझं नावच बंदर ठेवलं. "काय बंदर, झाडावरून कवा उतरला?" एवढं म्हणून टोळी पोट धरून हसायची. मी पण हसायचो. दुसरं काय करणार?

माझं काम होतं कंटेनर तपासायचं आणि नीट भरून घ्यायचं. आत उभं राहून दारं लावून घ्यायची. काळोखात कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पावसाचं पाणी शिरणार, मग तो कंटेनर बाद. फळीला कागद लावायचा, पोती रचायची, वर थोडी जागा सोडायची. हळद वाटेत ओलावली की तिला बुरशी लागते, परदेशातून परत येते. मला याचा धसका होता. दार लावल्यावरही मी परत जाऊन कडी ओढून बघायचो.

तर पहिलाच कंटेनर. मी सकाळी यार्डात पोचलो तो दारातून शेणाचा ओला वास. हळद निवडणाऱ्या बायका अगदी पहाटेच येऊन, कंटेनरची लाकडी जमीन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गुळगुळीत सारवून, बाहेर हात धूत बसल्या होत्या. त्यांच्यात पुढे मावशी. "या, या. पाय नका देऊ, वलं हाय." मी तिथेच खाली बसलो. दुपारी वाहतूकदाराचा माणूस येणार, जहाज चुकणार, मला हाकलणार, आणि हाकललं म्हणून बंदरातली माझी जागा जाणार, असं सगळं एका क्षणात दिसलं. खोटं कशाला सांगू, मला रडू फुटलं.

"काहून रडून राहिला रे?" मावशी जवळ आली. "शेण हाय ते, इख न्हाई."

"पण कशाला सारवलंत?"

"सारवल्याबिगर माल ठेवत्यात व्हय कुठं? खळं आसो का घर आसो. तुमच्याकडं तसंच टाकत्यात?"

मी काय सांगणार? आमच्याकडे मासळी फळीवर टाकतात. बायकांनी पुन्हा सगळं धुतलं, राख चोळली, शेगड्या पेटवून ठेवल्या. पण लाकूड पाणी प्यायलं ते प्यायलं. दुपारी तो माणूस आला आणि माझ्यावर ओरडू लागला. तर मावशी उठून मध्ये उभी राहिली. "साहेब, मी सारवलं. पोरगं तवा इथं नव्हतंच. बोलायचं आसंल तर मला बोला." कंटेनर रिकामा परत गेला, दुसरा आला. त्या संध्याकाळी तिने मला विचारलं, जेवतो कुठं? मी म्हणालो, टपरीवर. ती म्हणाली, "चल घरला."

घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती, सकाळी उत्तमराव तिच्यापुढे हात जोडून हळू आवाजात वंदना म्हणायचे. त्या आवाजाने मला जाग यायची, आणि त्याच्या मागे भाकरी थापल्याचा आवाज. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर करडईचं तेल. मला सुरुवातीला घास उतरत नसे, भाताच्या माणसाचं तोंड ते. मावशीने ते ओळखलं असावं. एका बाजाराला तिने सुकट आणली आणि तव्यावर लाल मिरच्यांबरोबर अशी भाजली की सगळ्यांना ठसका. उत्तमराव डोळे पुसत म्हणाले, "ह्या पोराचा समुद्र घरात आनलास की!" ती सुकट करपलेली होती. मी तशी सुकट जन्मात खाल्ली नव्हती, आणि तव्याला लागलेली खरवडूनसुद्धा खाल्ली. आजही त्या घरी गेलो की मावशी विचारते, "सुकट करू का?" मी करपव म्हणतो.

दादाला फोन करायचो. कधी तो म्हणायचा, भराव झाला, कधी म्हणायचा, क्रेन आल्या. "आणि माझी जागा?" "धरून ठेवलीय रे. घाई कशाला?" फोन ठेवल्यावर मी टोळीला सांगायचो, क्रेन इतक्या उंच की वर बसलेला माणूस चिमणीएवढा. मी त्या क्रेनवर बसणार, हे सगळ्यांना पाठ झालं होतं. उत्तमराव म्हणायचे, "वर बसला की आमच्या पोत्यावर नजर ठेव म्हंजे झालं." बंदर चालू झाल्याचं कळलं तेव्हा मावशीने मला नवा शर्ट शिवून घेतला, तिथल्या शिंप्याकडून, कॉलर जरा मोठीच. मी तो घडी घालून ठेवला. बोलावणं आलं की घालायचा.

बोलावणं आलं नाही. आला तो जनूकाका, आमच्या वाड्यातलाच, आता ट्रेलरवर ड्रायव्हर झालेला. रिकामा कंटेनर घेऊन तो पहिल्यांदाच आमच्या यार्डात आला. मी धावत जाऊन त्याच्या हातात चहा दिला. तो चहा फुंकत म्हणाला, "बरा झाला हां तुमचा. तुमचा सुनील दिसतो ना रोज गेटवर. मोठ्या ऐटीत असतो."

सुनील म्हणजे माझ्या वहिनीचा भाऊ. मी म्हणालो, "तो कुठल्या घरातून लागला? त्यांची तर खाडी नव्हती."

"तुमच्याच घरातून की." जनूकाकाने माझ्याकडे बघितलं. "तुला ठावूक नाय? पाहणीला साहेब आले तवा घरोघर गेले. ज्याला लावायचा तो दारात उभा, पंच शेजारी. तुमच्या दारात सुनीलच उभा होता. तू गेलास त्याच आठवड्यात."

त्याने कप खाली ठेवला आणि गाडीकडे गेला. मी पोती रचत राहिलो. काही वेळाने मावशीने विचारलं, काय झालं? सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. ती म्हणाली, "ड्रायव्हर मानूस, काय बी बोलत आसंल. जाऊन बघ." मी म्हणालो, उद्या ही गाडी भरून जाईल, तिच्यातून जातो. तेव्हा ती उत्तमरावांकडे वळली. "बिनमानसाचं जाऊ द्यायचं का ह्याला? वादाला येकट्यानं जात न्हाईत. मी जाऊन येते." उत्तमरावांनी विडी विझवली. "जा. घोंगडी घे, केबिनमदी गार लागतंय."

आमच्याच भरलेल्या हळदीपुढे बसून आम्ही गेलो. मी तो नवा शर्ट घातला होता. का घातला, आज सांगता येत नाही. अजून वाटत असावं की काहीतरी चूक झाली असेल. बंदराच्या गेटाच्या अलीकडे जनूकाकाने आम्हाला उतरवलं. तो म्हणाला, माल उतरवून दुपारी इथेच भेटतो. आणि गेटवर, शिट्टी गळ्यात अडकवून, सुनील उभा होता. मला बघून खुलला. "अरे हरेश! दादा म्हणाले तुला तिकडंच आवडलाय, लग्न पण तिकडंच जमवतोयस. या कोण, सासूबाई?" त्याच्या तोंडावर कपट नव्हतं. त्यालाही काहीतरी सांगून ठेवलेलं होतं.

कोळीवाडा जिथे होता तिथे आता डांबर होतं. घरं आत, एका ओळीत, सारखी बांधून दिलेली. आमची होडी दारापुढे जमिनीवर पालथी पडलेली, तिच्यावर गोधड्या वाळत घातलेल्या. दादा ओट्यावर होता.

"कवा आयलास? फोन तरी करायचा."

मी होडीपाशीच थांबलो. मावशी उंबऱ्याच्या बाहेर, उन्हातच बसली. वहिनीने पाण्याचा तांब्या पुढे केला तर मावशीने हात आडवा धरला. "ठेवा बाई. वाद मिटला की पिऊ. आमच्याकडं वादाच्या घरी पानी घेत न्हाईत."

दादा हसला. "कसला वाद?"

"ह्याच्या जाग्याचा."

"बाई, तुम्हाला इथला काय माहीत नाय. बंदरवाल्यांना दहावी पास पाहिजे होता. हा नववीत सोडलेला. याचं नाव दिला असता तर घराची जागाच गेली असती. सुनील दहावी पास. जागा घरातच राहिली ना?"

"साळंतून ह्याला कोनं काढलं?"

दादा होडीकडे बघत राहिला. मावशी म्हणाली, "बरं, ते ऱ्हाऊ द्या. धावी पाह्यजे हे तुमाला कवा कळलं? ह्याला तिकडं धाडायच्या आधी का मागून?"

दादाच्या आधी वहिनीच बोलली, आतून, अगदी सहज. "आधीच सांगितला होता की त्यांनी. म्हणून तर सुनीलला बोलावून घेतला."

शेजारच्या घरात कोणीतरी मिक्सर लावला. मी विचारलं, "मग मला काय म्हणून सांगितलं नाहीस? दर वेळी फोनवर धरून ठेवलीय, धरून ठेवलीय..."

दादा म्हणाला, "सांगितला असता तर तू गेला असतास?"

पाहणीच्या दिवशी मी वाड्यात असतो तर सगळ्यांसमोर दारात मीच उभा राहिलो असतो. दहावी नव्हती म्हणून मला परत पाठवलं असतं तर साहेबांनी पाठवलं असतं. ते मी सोसलं असतं. मला दारातून हलवलं ते होडीवर माझ्याबरोबर बसणाऱ्या माणसाने. आम्ही एका जाळ्याची दोन टोकं धरत होतो. वाऱ्यात त्याचा आवाज ऐकू आला नाही तरी जाळ्याच्या ओढीवरून मला कळायचं तो काय सांगतोय.

आय चुलीपाशी होती. मी आत गेलो आणि विचारलं, "आय, तुला ठावूक होतं?"

तिने माझ्याकडे न बघता ताट वाढलं. "जेव. बाजारातली मासळी हाय, आपल्या खाडीतली नाय." मग हळूच म्हणाली, "सून रोज माहेरी जायला निघायची, भाऊ रिकामा बसलाय म्हणून. घर मोडला असता. तुझा काय, तू कुठंही राहशील. तू सोसणारा हायस."

बाहेरून मावशीचा आवाज आला, "जेव रे लेकरा. मायशी वाद न्हाई." ती मला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती, पण वाद आता आयशीही होता, एवढं तिला कळलं नाही. मी ताटावर बसलो. कालवण आयच्याच हातचं, तोच कोकमाचा आंबटपणा, ज्याची मी माळावर बसून रोज आठवण काढली होती. पहिला घास तोंडात घोळत राहिला. दारातून मावशीची पाठ दिसत होती, उन्हात, पदर डोक्यावर ओढलेला. तिने सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मी ताटातच हात धुतला आणि उठलो. आय "अरे" एवढंच म्हणाली. आमच्या मागे कोणी आलं नाही.

आजही दादाचा फोन येतो, दिवाळीला. मी बोलतो, तब्येत विचारतो, आवाज नीट ठेवतो. सुनील आता मोठ्या हुद्द्यावर गेला. टीव्हीवर ते बंदर दाखवतात, आणखी किती खोल होणार, किती मोठी जहाजं लागणार, जगात कितवं येणार. माझी मुलं बघतात आणि विचारतात, बाबा, हे तुमचं गाव ना? मी हो म्हणतो आणि आवाज कमी करायला सांगतो. मी पुढे जवळा बाजारातच राहिलो. यार्ड दोनदा बंद पडलं, दोनदा सुरू झालं. उत्तमराव गेल्यावर टोळी माझ्याकडे आली. माझं लग्न मावशीनेच जमवलं. माझ्या बायकोच्या माणसांना तिने सांगितलं, पोरगं आमचंच हाय, इचारायचं ते मला इचारा.

पण मला लिहायचं होतं ते त्या दुपारचं. आम्ही घरातून निघून गेटाकडे चालत आलो. रस्त्याच्या कडेला लांबच लांब भिंत, वर काटेरी तार, भिंतीपलीकडे निळे, लाल, तपकिरी कंटेनर एकावर एक रचलेले, त्यांच्याही वर क्रेन. मावशीने टपरीवर पाणी मागितलं आणि दोन तांबे संपवले. मग तोंड पुसून तिने मला विचारलं, "समुद्र कुठं हाय रे?"

मी भिंतीकडे हात केला. "याच्या मागे."

ती टाचा उंचावून बघू लागली. वास येत होता, डिझेलमध्ये मिसळलेला, खारट. आवाजही येत असावा, पण गाड्यांमध्ये कळत नव्हता. मी इकडेतिकडे बघितलं, लहानपणीच्या सगळ्या वाटा आठवल्या, आणि प्रत्येक वाट त्या भिंतीला जाऊन थांबत होती. माझ्याच गावात मला एका पाहुणीला समुद्र दाखवता येईना. दादाने फसवलं तेव्हा मी रडलो नव्हतो. इथे रडलो. मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पाण्यासाठी रडत्यात व्हय कुठं? पुढल्या टायमाला बघू." जनूकाकाने हॉर्न दिला. आम्ही केबिनमध्ये चढलो.

पुढचा टाइम अजून आलेला नाही. दर वर्षी हळदीचा हंगाम उरकला की म्हणतो, मग कोणाचं लग्न निघतं, कोणाचं दुखणं. मावशीचे गुडघे आता वाकत नाहीत, एका डोळ्याने कमी दिसतं. आमच्या बंदराच्या खाली, दक्षिणेला, एक किनारा मला माहीत आहे. लहानपणी वादळात होडी लागली होती तिथे. नुसती वाळू आणि पाणी, मध्ये काही नाही. परवा एका ड्रायव्हरने सांगितलं की तिथेही मोजणीवाले येऊन गेले. ते ऐकल्यापासून तिकडून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला मी विचारतो, तिथे भिंत उठली का. मावशी, भिंत उठायच्या आत मी तुला तिथे नेणार. गुडघे चालत नसतील तर पाठीवर घेईन, पोती उचललीत मी जन्मभर. ओल्या वाळूत बसवीन आणि पाणी तुझ्या पायाशी येईल तोवर तुला उठू देणार नाही.